डोळ्याच्या पडद्यावर मेंदूची बातमी

कवटीला धक्का न लावता जिवंत माणसाचा मेंदू बघायचा असेल तर डोळ्यांच्या दवाखान्यात जा. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, हिरव्या दिव्याकडे बघा, पापणी मिटू नका. क्लिक! समोरच्या स्क्रीनवर नारिंगी-लाल रंगाचं जे गोल चित्र उमटतं तो डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना. आणि रेटिना हा मेंदूचाच भाग आहे. नुसता मेंदूला जोडलेला नव्हे, मेंदूतूनच उगवलेला.

म्हणून तर लंडनपासून हाँगकाँगपर्यंतचे संशोधक गेली काही वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागलेत. या पडद्याचा फोटो बघून, पुढे कधीतरी येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची चाहूल आधीच लागेल का? उत्तर आज 'हो' आणि 'अजून नाही' यांच्या मधे कुठेतरी आहे. पण तिथवर जाण्याचा रस्ता मोठा गमतीचा आहे. त्या रस्त्यावरच्या या काही चिजा.

आधी मेंदू, मग डोळा

गर्भ जेमतेम चौथ्या आठवड्यात असतो तेव्हा त्याच्या पुढच्या मेंदूला दोन्ही बाजूंनी एकेक फुगवटा येतो. तो वाढत वाढत कातडीपर्यंत पोचतो, मग आत दबून खोलगट होतो आणि त्या खोलगट भागाचा रेटिना बनतो. मागे उरलेल्या देठातून डोळ्याची नस तयार होते. एकेका नसेत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. मेंदूवर जी आवरणं असतात तीच या नसेवरही असतात, आणि मेंदूला ज्या पाण्याची गादी असते तेच पाणी नसेभोवतीही खेळतं. डोक्यातला दाब वाढला की नसेचं तोंड सुजलेलं दिसतं ते त्यामुळेच. कित्येक ब्रेन ट्यूमरची पहिली शंका डोळ्यांच्या डॉक्टरांना येते, तीही याच खुणेवरून.

आणखी एक मोठी सोय आहे. शरीरात रक्तवाहिन्या कुठेही चिरफाड न करता थेट दिसतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या यांची घडण जवळजवळ सारखी. रक्तदाब आणि मधुमेह एकीकडे जे नुकसान करतात तेच दुसरीकडेही करत असतात. फरक इतकाच की एकीकडचं दिसतं आणि दुसरीकडचं झाकलेलं राहतं.

आकाशात नाचणारे ठिपके

हा प्रयोग फुकटचा आहे. पाऊस उघडल्यावरचं स्वच्छ निळं आकाश गाठा (सूर्याच्या दिशेला मात्र मुळीच बघू नका) आणि नजर एका जागी ठेवा. थोड्या वेळात बारीक, चमकदार ठिपके वेड्यावाकड्या रेषांत पळताना दिसतील. त्या तुमच्याच पांढऱ्या रक्तपेशी! पडद्यावरच्या केशवाहिन्यांमधून त्या जात असतात. लाल पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या तो जाऊ देतात, म्हणून त्यांची वाटचाल आपल्याला दिसते. स्वतःचं रक्त वाहताना आतून बघण्याची ही संधी कुणालाही मिळू शकते, आणि बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं.

चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याला दोनशे वर्षांपूर्वी अशा गोष्टींचं भारी वेड होतं. डोळ्यावर तिरका उजेड पाडला की स्वतःच्याच रक्तवाहिन्यांची सावली झाडाच्या फांद्यांसारखी समोर दिसते हे त्याने नोंदवून ठेवलं. आजही पडद्याच्या डॉक्टरांच्या टॉर्चपुढे बसल्यावर पुष्कळांना ते झाड दिसतं. पुष्कळजण घाबरतात, आणि डॉक्टरांना विचारायचं राहून जातं.

थोडक्यात हुकलेला मान

संगणकाचा आजोबा चार्ल्स बॅबेज याने १८४७ साली डोळ्याच्या आत डोकावण्याचं एक उपकरण तयार केलं होतं. लंडनमधल्या एका नामवंत नेत्रतज्ज्ञाला त्याने ते दाखवलं. त्या गृहस्थांना त्यातून काहीच नीट दिसेना, त्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही आणि बॅबेजने ते बाजूला ठेवलं. तीनच वर्षांनी, १८५० मध्ये, जर्मनीतला २९ वर्षांचा प्राध्यापक हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने पुठ्ठा, काचेच्या पातळ पट्ट्या आणि भिंग जोडून तेच साधलं. जिवंत माणसाचा रेटिना नीट दिसू लागला आणि नेत्रवैद्यकाचं नवं पर्व सुरू झालं.

मग फोटो काढायची घाई सुरू झाली. १८८६ साली इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेब्स्टर या दोघांनी जिवंत माणसाच्या रेटिनाचा फोटो काढला. त्यासाठी समोरच्याला अडीच मिनिटं डोळा स्थिर ठेवावा लागला! आज तोच फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत निघतो.

तिसरी गोष्ट दोन विद्यार्थ्यांची. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात वैद्यकीचे धडे गिरवणाऱ्या नोव्हॉट्नी आणि आल्व्हिस यांनी हाताच्या शिरेत चमकणारा रंग टोचला आणि तो पडद्याच्या रक्तवाहिन्यांमधून धावताना कॅमेऱ्यात पकडला. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने लेख परत पाठवला. अखेर १९६१ मध्ये तो हृदयविकारांच्या नियतकालिकात छापून आला. डोळ्यांच्या दवाखान्यांत आजही ही रंग टोचून करायची अँजिओग्राफी रोज होते.

प्रकाशाची सोनोग्राफी

'ओसीटी करून या,' असं डॉक्टर सांगतात तेव्हा प्रत्यक्षात घडतं काय? पोटाच्या सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत पाठवतात आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतात. ओसीटीत ध्वनीच्या जागी डोळ्याला जेमतेम जाणवणारा अवरक्त प्रकाश असतो. अडचण अशी की प्रकाश भन्नाट वेगाने परततो, तो घड्याळ लावून मोजता येत नाही. म्हणून परतलेल्या प्रकाशाची त्याच दिव्याच्या दुसऱ्या किरणाशी गाठ घालून दोघांच्या लहरी कुठे जुळतात ते बघतात. त्यावरून खोली कळते, तीही साधारण पाच मायक्रॉनच्या बारकाईने. आपला केस याच्या दहापटीहून जाड असतो.

स्क्रीनवर दिसतात ते पडद्याचे आडवे पदर, अगदी चिरोट्याला सुटतात तसे. त्यातला कुठला पदर किती पातळ झालाय हे यंत्र आकड्यांत सांगतं. १९९१ साली ही पद्धत जगापुढे आली तेव्हा तिच्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं डेव्हिड ह्वांग या विद्यार्थ्याचं. त्याला आणि त्याचे सहकारी जेम्स फुजिमोतो व एरिक स्वॉन्सन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात ओसीटीची आणखी एक तऱ्हाही आली होती. तिच्यात रंग टोचावाच लागत नाही. रक्तपेशींच्या हालचालीवरूनच केशवाहिन्यांचा नकाशा तयार होतो.

दहा जणांच्या नसा

स्मृतिभ्रंशाच्या गोष्टीत डोळा आला तो १९८६ साली. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराने दगावलेल्या दहा रुग्णांच्या डोळ्यांच्या नसा अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. दहापैकी आठ जणांच्या नसांमधले तंतू मोठ्या प्रमाणावर झडलेले निघाले. म्हणजे हा आजार स्मरणाच्या कप्प्यापुरता नव्हता, त्याचे ठसे डोळ्यापर्यंत आले होते.

पण मृत्यूनंतर कळून उपयोग काय? ओसीटीमुळे तोच तंतूंचा पदर जिवंतपणी मोजता यायला लागला, आणि मग खऱ्या मोठ्या पाहण्या झाल्या. ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'मधल्या ३२,०३८ लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा पदर पातळ, त्यांचे स्मरणाच्या आणि तर्काच्या सोप्या चाचण्यांतले गुण कमी. त्यातल्या १,२५१ लोकांना तीन वर्षांनी परत बोलावलं. सुरुवातीला ज्यांचा पदर सर्वांत पातळ गटांत होता, त्यांची एखाद्या तरी चाचणीत घसरण होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट दिसली. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीतही असंच आढळलं. पदर पातळ असलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण जास्त होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. 'शक्यता दुप्पट' हे हजारो लोकांच्या गटाबद्दलचं विधान आहे. तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या एका रिपोर्टबद्दलचं नव्हे. पातळ पदर घेऊन नव्वदी गाठलेले आणि नातवंडांचे पाढे चुकले की लगेच पकडणारे आजोबा असतात. आणि पदर पातळ व्हायला स्मृतिभ्रंशच लागतो असंही नाही. काचबिंदूत तो पातळ होतो, मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात तो मुळातच वेगळा असतो, आणि वयाने तर सगळ्यांचाच थोडा झिजतो.

हळद आली!

आता खास आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट. हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो तो कर्क्युमिन नावाचा पदार्थ दोन करामती करतो. एक, विशिष्ट प्रकाशात तो चमकतो. दोन, अल्झायमरच्या मेंदूत साठणाऱ्या ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्यांना तो चिकटतो. चिकटणं अधिक चमकणं म्हणजे आयता खूण करायचा रंगच झाला की!

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या रुग्णालयातल्या माया कोरोन्यो-हमावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. आधी उंदरांवर प्रयोग झाले. मग २०१७ मध्ये माणसांवरचा निकाल आला. सोळा जणांना कर्क्युमिनची खास तयार केलेली मात्रा पोटातून दिली आणि त्यांच्या पडद्याचे फोटो काढले. अल्झायमर असलेल्यांच्या पडद्यावर चमकणारे ठिपके इतरांपेक्षा जास्त दिसले. २०२३ मध्ये याच गटाने ८६ जणांनी मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांचा आणि मेंदूंचा अभ्यास मांडला. पडद्यावरचे बदल आणि मेंदूतले बदल हातात हात घालून चालताना दिसले.

सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उतरताना बघितलेल्या कुणालाही ही गोष्ट वाचून बरं वाटेल. मलाही वाटलं. पण आमटीत हळद वाढवून डोळ्यात काही चमकणार नाही, हेही तितकंच खरं. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. प्रयोगातली मात्रा मुद्दाम शोषली जाईल अशी बनवलेली होती, आणि तिचं काम तपासणीला मदत करणं एवढंच होतं. औषध म्हणून ती दिलेली नव्हती.

शिवाय या ठिपक्यांवरून संशोधकांमध्ये चांगलीच जुंपलेली आहे. दुसऱ्या काही प्रयोगशाळांनी अल्झायमरच्या रुग्णांचे रेटिना तपासले आणि त्यांना तिथे मेंदूतल्यासारख्या ॲमिलॉइडच्या गुठळ्या मिळाल्याच नाहीत. रेटिना कसा कापला, कुठला भाग बघितला, कुठलं रसायन वापरलं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत हळदीचा फोटो ही सर्वांसाठीची तपासणी होणार नाही.

हळदीशिवायही एक प्रयत्न चालू आहे. मिनेसोटा विद्यापीठात स्वाती मोरे आणि रॉबर्ट व्हिन्स यांनी पडद्यावरून परतणारा प्रकाश कितीतरी रंगांत वेगवेगळा करून बघितला. ॲमिलॉइडचे अगदी बारके पुंजके प्रकाश विशिष्ट प्रकारे विखुरतात, त्या विखुरण्यातून आजाराची खूण मिळते का हा त्यांचा शोध. रंग नको, सुई नको. यातले व्हिन्स म्हणजे एचआयव्हीवरच्या अबॅकाव्हिर या औषधाचे शोधकर्ते.

यंत्राला दिसलं, डॉक्टरांना नाही

फोटो बघून हा डोळा बाईचा की पुरुषाचा, हे जगातला कुठलाही निष्णात नेत्रतज्ज्ञ पूर्वी सांगू शकत नव्हता. कुणी तसा प्रयत्नही केला नव्हता, कारण काही फरक असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी २,८४,३३५ लोकांच्या पडद्याचे फोटो एका संगणकप्रणालीला शिकवले. ती स्त्री-पुरुष भेद जवळपास अचूक ओळखू लागली. वयाचा अंदाज सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने बरोबर. माणूस सिगारेट ओढतो का, रक्तदाब किती असावा, याचेही अंदाज. यातला बराच मजकूर त्या फोटोत पहिल्यापासून होता, तो वाचणारं कुणी नव्हतं.

साहजिकच पुढचा प्रश्न स्मृतिभ्रंशाचा आला. हाँगकाँगच्या कॅरल चंग यांच्या गटाने २०२२ मध्ये सुमारे तेरा हजार फोटोंवर प्रणाली तयार केली. अल्झायमर असलेले ६४८ आणि नसलेले ३,२४० अशा लोकांचे हे फोटो. फक्त साध्या फोटोवरून तिने सुमारे ८४ टक्के वेळा बरोबर उत्तर दिलं. ऐकायला छान आहे. पण गणित करून बघा. आजार नसलेल्या हजार लोकांमधल्या शंभर-दीडशे लोकांना जरी यंत्राने चुकून 'संशयित' ठरवलं, तर त्या शंभर-दीडशे घरांत त्या रात्री कुणाला झोप लागेल? त्यामुळे असं यंत्र पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं हे ठरवायला उपयोगी पडेल. निदान करायला नाही.

लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाकडे वेगळाच खजिना आहे. तिथल्या लाखो रुग्णांचे जुने फोटो आणि स्कॅन जपून ठेवलेले आहेत. ओळख पुसून त्यांची सांगड रुग्णांच्या पुढच्या आयुष्यातल्या आजारांच्या नोंदींशी घातली, आणि त्या प्रकल्पाचं नाव ठेवलं 'अल्झआय'. गंमत म्हणजे त्यातून एक गाजलेली बातमी आली ती अल्झायमरची नव्हे, पार्किन्सन्सची. २०२३ मध्ये दिसलं की पार्किन्सन्सचं निदान होण्याच्या सरासरी सात वर्षं आधीच पडद्याचे काही पदर पातळ झालेले असतात. त्याच वर्षी मूरफील्ड्सच्याच मंडळींनी १६ लाख प्रतिमांवर शिकवलेली एक प्रणाली जगभरच्या संशोधकांसाठी खुली केली. फुकट! ज्ञान असं वाटलं की ते मदुराईच्याही कामी येतं आणि मिरजेच्याही.

पंचेचाळिशीतला डोळा

न्यूझीलंडमध्ये डनीडिन नावाचं शहर आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बाळांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. दात, फुप्फुसं, पगार, लग्नं, स्वभाव, सगळं. ते पंचेचाळीस वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांचेही फोटो आणि ओसीटी झाले. ज्यांच्या पडद्यावरच्या बारीक धमन्या अरुंद आणि शिरा रुंद होत्या, त्यांचे स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचे गुणांक जास्त निघाले.

धोक्याचा गुणांक म्हणजे आजार नव्हे हे खरंच. पण मला या अभ्यासाचं वय फार महत्त्वाचं वाटतं. अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल विसराळूपणा दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. सत्तरीत निदान झालं की हाती फारसं उरत नाही. पंचेचाळिशीत इशारा मिळाला तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांच्याशी लढायला पुरेसा काळ मिळतो.

न बघणाऱ्या पेशी

रेटिनात काही पेशी अशा आहेत की त्या बघण्यासाठी नाहीतच. त्यांना निळसर उजेड कळतो आणि त्या मेंदूला कळवतात की दिवस उजाडला. नसेला तंतू देणाऱ्या पेशींत त्यांचं प्रमाण एखाददोन टक्के. २००२ च्या आसपास त्यांचा शोध पक्का झाला. इटलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अल्झायमरच्या रुग्णांमध्ये या पेशी कमी होतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना संध्याकाळची घालमेल आणि रात्रीची जाग चांगलीच ठाऊक असते; तिचा एक धागा कदाचित इथे असावा. या पेशी पुढे मोतीबिंदूच्या गोष्टीत परत येतील.

थेंबांची फसलेली चाचणी

डोळ्यात ड्रॉप टाकून बाहेर बसवतात, थोड्या वेळात सगळं धूसर दिसायला लागतं. बाहुली मोठी करणाऱ्या त्या औषधाचं नाव ट्रॉपिकामाइड. १९९४ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की या औषधाचा अगदी पातळ केलेला थेंब टाकला तर अल्झायमरच्या रुग्णांची बाहुली इतरांपेक्षा जास्त मोठी होते. एक थेंब, काही मिनिटं, आणि निदान! वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग इतरांनी तोच प्रयोग करून बघितला आणि बऱ्याच जणांना तसा फरक सापडेना. चाचणी मागे पडली. डोळ्यावरून स्मृतिभ्रंश ओळखण्याच्या प्रत्येक नव्या बातमीच्या वेळी ही जुनी बातमी आठवावी.

डोळा ठणठणीत, तरी दिसेना

'डिस्कवर्ल्ड' मालिकेचे लेखक टेरी प्रॅचेट यांना २००७ मध्ये अल्झायमरच्या एका दुर्मीळ प्रकाराचं निदान झालं. त्यात झीज मेंदूच्या मागच्या बाजूला, दृश्याचा अर्थ लावणाऱ्या भागात सुरू होते. माणूस चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा बदलून घेतो, कारण समोरची वस्तू सापडत नाही, ओळ चुकते, जिन्याची पायरी चुकते. डोळा मात्र उत्तम असतो. प्रॅचेट यांनी पुढे तोंडी सांगून पुस्तकं लिहिली. घरातल्या ज्येष्ठांची 'नीट दिसत नाही' ही तक्रार तीन चष्म्यांनंतरही तशीच राहिली, तर मेंदूच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यायला हवा.

आधारवर रेटिना नाही

पुष्कळांना वाटतं की आधार कार्डासाठी रेटिना स्कॅन केला. नाही. तो आयरिसचा, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत कड्याचा फोटो होता, त्यात मेंदूची काहीही बातमी नाही. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची नक्षीही प्रत्येकाची वेगळी असते, हे मात्र न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी १९३५ सालीच सांगून ठेवलंय.

मुंबईचे दवाखाने, स्कॉटलंडचे चष्मेवाले

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज. म्हणजे ८८ लाख माणसं. एवढ्यांना एमआरआय आणि मेंदूचे डॉक्टर कुठून पुरवणार? तालुक्याच्या गावी मेंदूचे डॉक्टर नसतात, पण डोळ्यांचं शिबिर भरतं. या विषयाकडे मी इतक्या आशेने बघतो ते यासाठी.

याची एक रंगीत तालीम मुंबईत झालेली आहे, मधुमेहासाठी. महापालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या मधुमेहींच्या पडद्याचे फोटो फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढले, तेही नेत्रतज्ज्ञाने नव्हे. आणि त्याच फोनमधल्या प्रणालीने इंटरनेटशिवाय, जागच्या जागी, पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं ते सांगितलं. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरा बंगळुरूत बनलेला. देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत, आणि मधुमेह हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा आजार आहे. म्हणजे ज्यांच्या पडद्याचा फोटो दरवर्षी निघायलाच हवा, त्यांच्याच मेंदूची जास्त काळजी घ्यायला हवी. फोटो एक, कामं दोन होऊ शकतील.

स्कॉटलंडमध्ये थेट स्मृतिभ्रंशासाठीच असं काम सुरू आहे. तिथे डोळ्यांची तपासणी सरकारी खर्चाने होते आणि चष्मेवाल्यांकडे फोटोंचे ढीग जमलेले आहेत. एडिंबरा विद्यापीठ आणि ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठ मिळून असे जवळपास दहा लाख फोटो गोळा करताहेत. उद्देश असा की उद्या चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाला चष्मेवालाच सांगू शकेल, 'एकदा डॉक्टरांना भेटून घ्या.'

दरम्यान रक्ताची तपासणी पुढे निघून गेली आहे. लक्षणं असलेल्या पंचावन्न वर्षांवरच्या लोकांसाठीच्या अशा एका तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली. डोळ्याचा फोटो अजून त्या पायरीवर नाही. त्यामुळे आज कुणी 'डोळ्यावरून अल्झायमरचं पॅकेज' विकायला आलं तर पैसे खिशात ठेवा. मात्र आपले ओसीटीचे जुने रिपोर्ट टाकून देऊ नका. एका आकड्यापेक्षा चार वर्षांत तो आकडा किती बदलला हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं, काचबिंदूसाठी तर आजच.

मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघू नका

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. सिएटलच्या सिसिलिया ली यांच्या गटाने मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या ३,०३८ ज्येष्ठांचा अभ्यास केला. सुरुवातीला यांपैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. ज्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळलं. धडधाकट माणसंच ऑपरेशनला तयार होतात म्हणून असं दिसलं असेल का? संशोधकांनी तीही शंका तपासली. काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. त्या ऑपरेशनने आहे ती दृष्टी टिकते, गेलेली परत येत नाही.

कारण काय असावं? दिसायला लागलं की माणूस वाचतो, बाहेर पडतो, लोकांत मिसळतो, मेंदूला खाद्य मिळत राहतं. दुसरी शक्यता त्या न बघणाऱ्या पेशींची. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळसर असतं, ते निळा प्रकाश अडवतं. भिंग बदललं की त्या पेशींपर्यंत पुन्हा उजेड पोचतो. कुठलं कारण किती खरं हे ठरायचंय. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी चौदावर नेली, तेव्हा त्यात नव्याने घातलेल्या दोन गोष्टींपैकी एक होती उपचार न केलेला दृष्टिदोष. दुसरी वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. या चौदाही गोष्टी सावरल्या तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा हिशेब आहे.

आपल्याकडे मात्र अजून कितीतरी घरांत आजीचा मोतीबिंदू 'पिकू द्या, मग बघू' म्हणून थांबवून ठेवलेला असतो. ती जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनची गरज होती. आता रोजच्या कामात अडचण यायला लागली की ऑपरेशन करता येतं. भूल फक्त डोळ्यापुरती देतात, आणि बहुतेकजण त्याच दिवशी घरी जातात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पडदा तपासला जातोच. तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून घ्या. रक्तवाहिन्या कशा दिसताहेत? साखरेच्या किंवा बीपीच्या खुणा आहेत का? आणि नसेच्या तंतूंच्या पदराची जाडी वयाच्या मानाने ठीक आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आजच्या घटकेलाही तो फोटो आणि ओसीटी देऊ शकतात.